भिंती रंगवण्याआधी

अलिबाग,
घटस्थापना

चि. बायला,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही पोरं मिळून शाळेसाठी काही करायचं म्हणताय, हे वाचून बरं वाटलं. भिंती रंगवायच्या, गरजू मुलांना दप्तरं वाटायची, 24 जानेवारीला आंतरराष्ट्रीय शिक्षण दिनाचा कार्यक्रम घ्यायचा आणि त्याआधी माझे 'मार्गदर्शनपर दोन शब्द' घ्यायचे, असा बेत तू कळवलास. दोन शब्दांत माझं कधी भागलेलं नाही, म्हणून पत्र लिहिते.

भिंती खुशाल रंगवा. रेवसचा खारा वारा दोन-तीन पावसाळ्यांत रंग खाऊन टाकतो, तेव्हा तुमच्या मागून येणाऱ्या पोरांनाही काम उरेल. पण शाळेचं काही निघालं की तरुणांच्या वाट्याला नेहमी अंगमेहनतच का येते, याचा विचार केलाय का? गॅदरिंगचा मांडव, प्रभातफेरीच्या घोषणा, रांगोळी, पाहुण्यांचा सत्कार, सूत्रसंचालन. यातलं काही वाईट नाही. पण अनुदानाचे पैसे कशावर खर्चायचे, कुठल्या मुलाचं नाव पटावरून का गेलं, शाळेला आणखी शिक्षक का मिळत नाही, याची चर्चा होते तेव्हा तुमच्यातलं कोणी तिथं नसतं. कोणी बोलावत नाही आणि तुम्हीही जात नाही.

तू तर शाळेत काम करून आलीस. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली. पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन, मुदत आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. तुझ्यासारखी कितीतरी मुलंमुली तिच्यातून जिल्हा परिषदेच्या शाळांवर गेली, वर्ग सांभाळले, संगणकावर माहिती भरली, आणि मुदत संपली तशी घरी आली. त्याचा राग तुझ्या मेसेजमध्ये दिसला. रास्त आहे. पण त्या काळात हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही, यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती हे सगळं तू आतून पाहिलंस. गावातल्या फार थोड्या पालकांना ते वाचता येतं. एवढं कळतं त्या मुलीनं आता नुसता रंगाचा डबा धरून उभं राहावं, हे मला पटत नाही.

शाळेच्या चर्चेत जागा मागत फिरायची गरज नाही, ती कायद्यानं दिलेली आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 21 प्रमाणे शाळेला शाळा व्यवस्थापन समिती लागते. तीनचतुर्थांश सभासद पालक, निम्म्या बायका, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे त्या शाळेतली दोन मुलंही समितीवर घेतात, त्यातली एक तरी मुलगी. बैठक दर महिन्याला. शाळेचा विकास आराखडा करायचा तोही याच समितीनं.

आता जाऊन त्या दोन मुलांना विचार की बाळांनो, तुम्ही समितीवर आहात हे तुम्हाला माहीत आहे का? पुष्कळ ठिकाणी वर्गातली हुशार दोन नावं लिहिलेली असतात, आणि बैठकीत त्यांच्याकडे काम असतं ते पाण्याचे पेले आणण्याचं. तुमच्या मंडळाचं पहिलं काम मी हे धरीन. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी या दोघांबरोबर बसा. बाकीच्या मुलांना काय हवंय ते त्यांना विचारून आणायला सांगा. मुलं आपल्याला सुचणार नाही असं बोलतात. मोठी माणसं डिजिटल वर्गाची मागणी करत असतात, आणि मुली सांगतात की संडासाला आतून कडी नाही. मुलांशी संबंध असलेल्या बाबतीत त्यांचं म्हणणं ऐकलं जावं, हा हक्क 1989 च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात आहे आणि भारतानं ती संहिता 1992 मध्ये मान्य केली. पण मुख्याध्यापकांपुढे हे कलम म्हणून दाखवू नकोस. कडीचं सांग, तेवढं पुरे.

अठरा पूर्ण झालेले आणि मतदारयादीत नाव असलेले तुम्ही सगळे ग्रामसभेचे सभासद आहातच. समितीचा आराखडा ग्रामसभेत वाचून घ्यायला लावणं तुमच्या हातात आहे. दप्तरं वाटण्यापेक्षा हे काम रटाळ आहे आणि त्याचे फोटोही चांगले येत नाहीत.

आता मूळ गोष्टीकडे येते. तुझ्या यादीत 'गरजू मुलं' आहेत, पण ती कोण ते लिहिलेलं नाही. मी नाव घेते. डोंगराकडल्या वाडीवरची कातकऱ्यांची मुलं. केंद्र सरकार ज्यांना विशेष असुरक्षित आदिम जमात म्हणतं, त्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींपैकी कातकरी एक. बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. आपल्या जिल्ह्यात त्यांच्या वाड्या जागोजागी आहेत आणि त्यांचं वर्ष शाळेच्या वर्षाशी जुळत नाही. पावसाळाभर माणसं वाडीवर, शेतात मजुरीला, ओढ्यात मासे-चिंबोऱ्या धरायला. दिवाळी झाली की वीटभट्टी नाहीतर कोळशाची भट्टी. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती पावसात पोट भरण्यातच संपते, आणि ती फेडायला घरातली सगळी माणसं भट्टीवर जातात. पाच-सहा वर्षांचं पोरही धाकट्याला सांभाळायला जातं. परत येतात ती पावसाच्या तोंडावर, म्हणजे वार्षिक परीक्षा होऊन गेल्यावर.

मास्तरांच्या वहीत ही मुलं 'सतत गैरहजर' असतात. मग एखाद्या वर्षी पटावरून जातात. यात एक कागदी गुंता आहे, तो तुला ठाऊक असेल. किती मुलांमागे किती शिक्षक हे संचमान्यतेत ठरतं, आणि अलीकडे तिथं आधार जुळलेली मुलंच मोजतात. ज्याचा जन्म खोपटीत झाला, ज्याच्या जन्माची नोंद नाही, त्याचं आधार कुठून जुळणार? म्हणजे मूल वर्गात बसलेलं असतं, भात खात असतं, आणि मोजणीत नसतं. पट कमी दिसतो, शिक्षक कमी होतो, आणि शिकवायला कोणी नाही म्हणून बाकीचे पालक मुलं काढून घेतात. कातकऱ्यांच्या मुलांकडे पाहिलं नाही तर गावाचीच शाळा अशी ढासळत जाते. बोलताना हे सांग. दयेनं न हलणारी माणसं हिशेबानं हलतात.

कायद्यात या मुलांसाठी पुष्कळ लिहून ठेवलेलं आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम 14. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही, हे कलम 5. मूल मोठं झालेलं असलं तरी वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं शिकवून भरून काढायचं, हे कलम 4. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं काम, हे कलम 9. आणि मूल गाव सोडून जाताना शाळेनं द्यायचं ते शिक्षण हमी कार्ड. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेनं त्याला बसवून घ्यायचं. आईबाप जाणार पण मूल आजीजवळ राहू शकतं, अशा घरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. बीडकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ती पुष्कळ वापरली गेली. आपल्याकडे ती मागावी लागेल, आणि मागणी समितीच्या ठरावानं गेली तर तिला वजन येतं.

तेव्हा तुमच्यापुढे मुदत आहे ती दिवाळीची. 24 जानेवारीला तुम्ही सर्वसमावेशक शिक्षणावर भाषणं ठेवाल तेव्हा वाडी रिकामी असेल, आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं ती मुलं पेण-पनवेलकडे कुठल्यातरी भट्टीवर विटांच्या रांगांमधून धावत असतील.

मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं त्याच्याकडे जावं, हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांच्या साथीनं कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवलं, आणि मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी भरवली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा नेली. नव्वदच्या दशकात ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेनं वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची खोपटी. तुम्ही भोंगाशाळा काढा असं मी म्हणत नाही, तुमच्या आवाक्याबाहेरचं आहे ते. पण वाडीवरची घरं यंदा कुठल्या भट्टीवर जाणार, हे आजच विचारून ठेवलंत तर तिथल्या शाळेला आधी फोन जाऊ शकतो. मुकादमाला ते ठाऊक असतं, घरच्या बाईलाही. फक्त शाळेला नसतं.

दुसरी मंडळी आपलीच, कोळीवाड्यातली. बैठक सकाळी अकराला ठेवली की कोळीण येत नाही, ती बाजारात असते. बाप्या समुद्रावर. मग वहीत 'पालकांची अनास्था' असं लिहितात. माझ्या नोकरीत हे वाक्य इतक्या वह्यांमधून वाचलंय की त्याचा शिक्का करून ठेवला असता तरी चाललं असतं. डोलीची मासेमारी उधाणावर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला ओढ असते तेव्हा बोटी बाहेर, आणि अष्टमीच्या सुमारास भांगात पाणी मंद असतं तेव्हा माणसं घरी जाळी शिवत बसलेली. समितीची बैठक भांगाच्या दिवसांत, संध्याकाळी ठेवा. कॅलेंडरवर तिथ्या छापलेल्या असतात, सरकारी परिपत्रक लागत नाही. एवढ्या एका बदलानं किती बाया येतात ते मला कळव.

आणि बोटींवरच्या परगावच्या खलाशांची, बंगल्यांवर राखण करणाऱ्या जोडप्यांची, बांधकामावरच्या मजुरांची मुलंही मोजा. त्यांची भाषा वेगळी, त्यांना मतदान इथं नाही, म्हणून त्यांची आठवण कुणालाच होत नाही. अपंग मुलांचं तसंच. 2016 च्या कायद्यानं 21 प्रकारची अपंगत्वं धरली आणि अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. यू-डायसमध्ये 'रॅम्प आहे' असं लिहिलेलं असतं. त्यावरून चाकाची खुर्ची खरंच वर जाते का, ते ढकलून पाहा.

आता तुमच्या मंडळाबद्दल. रागावू नकोस. तू ज्यांची नावं पाठवलीस ती सगळी आपल्याच आळीतली आहेत. सगळ्यांकडे चांगले फोन, बरेच जण अलिबागला कॉलेजात शिकलेले. वाडीवरचा एकही नाही. दहावी झालेला कोणी वाडीवर नाही असं म्हणू नकोस, विचारलंस का ते सांग. समावेशावर बोलणारी मंडळं बहुतेक अशीच जमतात, आणि मग ती मदत करतात. ज्यांना मदत करतात त्यांना आपल्या शेजारी बसवून घेणं त्यांना सुचत नाही. वाडीवरची एखादी मुलगी, आठवीत सुटलेली का असेना, मंडळात घे. पहिलीतलं कातकऱ्याचं पोर घरी वेगळी बोली बोलतं, बाईंची पुस्तकी मराठी त्याला अर्धीच कळते. तिथं त्या मुलीचा उपयोग तुमच्या कुठल्याही पदवीपेक्षा जास्त आहे. तिचा दिवस बुडत असेल तर मंडळानं तिची मजुरी भरून द्यावी. दप्तरांच्या पैशांतून द्या, मी तर म्हणेन.

मुक्ता साळवेचं नाव तू ऐकलं असशील. सावित्रीबाईंनी 1848 मध्ये पुण्यात शिकवायला सुरुवात केली तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या आणि जोतिबांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्तानं चौदाव्या वर्षाच्या सुमारास मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. उघड्यावर बाळंत होणाऱ्या तिच्या जातीतल्या बायांचे हाल तिनं त्यात मांडले आणि धर्म नेमका कुणाचा, असा सरळ प्रश्न केला. तिच्या वतीनं एखाद्या दयाळू गृहस्थानं ते लिहिलं असतं तर आज कोणी वाचलं नसतं. म्हणून म्हणते, वाडीवरच्या मुलांबद्दलचा अहवाल तुम्ही लिहिण्याआधी त्यांच्याकडून सांगून घ्या, आणि त्यांच्या नावानं वाचून दाखवा.

तू विचारलंस की सुरुवात कशानं करायची. पाहणीनं कर. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल 2005 पासून निघतो, त्याचं काम देशभर गावोगावचे स्वयंसेवकच करतात, त्यात कॉलेजातली मुलंही पुष्कळ. रीत अगदी साधी. शाळेत न जाता घरोघर जायचं, मुलाजवळ बसून त्याला वाचायला द्यायचं. अक्षर ओळखतं का, शब्द वाचतं का, लहान परिच्छेद, मग गोष्ट. घरी गेल्यामुळे शाळेत नसलेलं मूलही सापडतं. तुम्ही गाव, कोळीवाडा आणि वाडी मिळून हे एका आठवड्यात करू शकाल. कुणाच्या मुलाला काय येत नाही याची नावानिशी यादी मात्र चव्हाट्यावर लावू नका. आकडे समितीत ठेवा, नावं बाईंना द्या.

एक अवघड प्रश्न तू टाळलास, तो मी काढते. आपल्याच घरातली लहान मुलं सकाळी व्हॅननं इंग्रजी शाळेत जातात. दादानं धाकट्याला तिकडे घातलं, मी त्याला दोष देत नाही, बापाला पोराची काळजी असते. पण पट त्यामुळेच उतरतो, आणि उतरलेल्या पटावर सरकारचा डोळा असतो. 2017 च्या अखेरीस दहाहून कमी पटाच्या शाळा बंद करून जवळच्या शाळेत मिसळायचा निर्णय झाला होता. 2023 मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करायचा विचार पुढे आला. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत, हा राज्याच्या नियमातला हिशेब तुला पाठ हवा. शाळा लांब गेली की व्हॅनवाल्या मुलांना काही होत नाही. वाडीवरची मुलगी पहिली सुटते. आता रेवस-करंजा पूल होतोय, जमिनींचे भाव चढताहेत, बंगल्यांना गडी-माणसं लागतील. पूल झाल्यावर गावाचं काय होईल याच्या पैजा लागतात, पण पुलानंतर शाळेत किती मुलं असतील हे कोणी विचारत नाही. शाळेचा आराखडा तीन वर्षांचा असतो. तेवढ्या काळात काय काय बदलेल, ते तुम्ही तरुणांनी त्यात लिहायला हवं. म्हातारी माणसं अजून लाँचच्या वेळापत्रकावरच भांडताहेत.

मुख्याध्यापकांशी भांडायला जाऊ नकोस. त्या माणसाकडे पाच वर्ग, दोन शिक्षक, रोजचे दहा ऑनलाइन तक्ते आणि तांदळाचा हिशेब असतो. आधी त्यांना विचार की तुमचं कुठलं काम आम्ही हलकं करू. तुला माहिती भरता येते, त्यांचा अर्धा दिवस वाचेल. मग अर्ज दे, पण लेखी, आणि पोच घे. तोंडी सांगितलेलं केंद्रशाळेपर्यंतसुद्धा पोचत नाही, मग अलिबागच्या पंचायत समितीचं काय घेऊन बसलीस. माहितीच्या अधिकाराचा अर्ज अगदी शेवटी. तो दिला की माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात, आणि गाव लहान आहे.

मुलींच्या मोफत एसटी पासचंही बघ. अहिल्याबाई होळकर योजनेत तो बारावीपर्यंत मिळतो. पण पास असला तरी शाळा सुटते त्या वेळेला गाडी आहे का, हे आठवी-नववीच्या मुलींना विचारून एका कागदावर मांड. वेळ जुळत नसेल तर समितीच्या ठरावासह आगारात अर्ज द्या. दहावीनंतर शिक्षण सोडलेल्या मुलींकडेही जा, त्या खरं कारण सांगतील. घरच्या पुरुषांसमोर विचारू नकोस.

या सगळ्यात तुमच्यातले निम्मे गळतील. नोकऱ्या लागतील, लग्नं होतील, काहींना कंटाळा येईल. म्हणून दरवर्षी नववी-दहावीतली दोन-तीन मुलं मंडळात ओढा आणि वही त्यांच्या हाती द्या. वही म्हणजे खरीच वही. व्हॉट्सअपच्या ग्रुपवर झालेलं बोलणं फोन बदलला की जातं, आणि वाडीवरच्या मुलीकडे फोन नाही.

आज ललितापंचमीला चार दिवस आहेत. त्याच्या आत वाडीवर एक फेरी मार, एकटी नको, बरोबर दोघं घे, आणि कुठली घरं दिवाळीनंतर निघणार, कुठं, मुलं किती, एवढंच लिहून आण. हमी कार्डासाठी मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जाचा मजकूर मी वेगळ्या कागदावर लिहून सोबत घातला आहे. तारीख आणि मुलांची नावं तू भर. पुढची अष्टमी पाहून समितीची बैठक मागून घे. मी येईन, पण मागे बसेन, आणि बोलायला सांगितलंस तर उठून जाईन.

दादा-वहिनीला नमस्कार. सुके बोंबील पाठवलेस ते पोचले. जवळा नको होता, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय.

तुझी,
आत्या